साक्षीदार वर्गात येतो तेव्हा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनीने सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. पुस्तकात हा आकडा एका ओळीत संपतो. म्हणूनच अनेक देशांतील शाळा त्या संहारातून वाचलेल्यांना बोलावून विद्यार्थ्यांसमोर त्यांची साक्ष ऐकवतात.

अशा भेटीची तयारी करावी लागते. तारखा, ठिकाणे, कायदे हे सारे वर्गाने आधीच शिकून घ्यायचे. ते कागदपत्रांत मिळते. आईची ताटातूट कशी झाली, पावाचा तुकडा कोणी वाटून दिला, हे मात्र साक्षीदारच सांगू शकतो. बोलता बोलता तो थांबला, तर आपणही शांत राहायचे.

१९४५ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या पुढे आहे. हे ओळखून १९९४ मध्ये शोआ फाउंडेशन स्थापन झाले. त्याने ५० हजारांहून अधिक साक्षी चित्रित केल्या आहेत.

आपण कॅडेट रोज हुकूम पाळायला शिकतो. १९६१ मध्ये जेरुसलेमच्या खटल्यात आइकमन या नाझी अधिकाऱ्यानेही ‘मी हुकूम पाळला’ असाच बचाव केला. न्यायालयाने तो फेटाळला. त्या खटल्यात शंभरच्या आसपास वाचलेल्यांनी साक्ष दिली होती.

२७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत सैनिकांनी आउशवित्झची छळछावणी मुक्त केली. आपल्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनानंतरचा हा दिवस. त्या दिवशी शाळेच्या सभागृहात एक तरी साक्ष दाखवावी, असे मला वाटते. हुकमाचा परिणाम कोणाला भोगावा लागतो, हे आपल्याला गणवेश चढवण्याआधी कळायला हवे.