ताजा वाटाणा व गोठविलेला वाटाणा

शेतकऱ्याच्या घरीं गोठविलेली भाजी शिजावी, हें ऐकून पुष्कळांस हंसूं येईल. ज्याच्या शेतांत वाटाणा उभा राहतो, त्यानेंच तो उन्हाळ्यांत शहरांतून पिशवीबंद कां आणावा? प्रश्न रास्त आहे. परंतु ताजी भाजी चांगली व गोठविलेली वाईट, एवढ्यानें त्याचा निकाल लागत नाहीं. ताजी भाजी कशास म्हणावें, हें प्रथम ठरविलें पाहिजे.

शेंग तोडली म्हणजे ती निर्जीव होत नाहीं. तिचें श्वसन चालूच असतें, आणि भाज्यांमध्यें वाटाण्याचें श्वसन फार जलद आहे. दाण्यांतील कांहीं साखर या श्वसनांत खर्ची पडते व कांहींचा स्टार्च, म्हणजे पिठूळ अंश, बनतो. पोत्यांत दाबून भरलेल्या शेंगांत हात घातला असतां आंत ऊब लागते. ती दाण्याची गोडी खर्च होत असल्याची खूण होय. 'क' जीवनसत्त्वहि याच काळांत घटत जातें. पुरंदर तालुक्यांतली शेंग रात्रींच्या गाडीनें मुंबईस जावी, बाजारांत उतरावी, हातगाडीवर ऊन खावें आणि तिसऱ्या दिवशीं सोलली जावी. तिला आपण ताजी म्हणतों, तें केवळ ती गोठविलेली नाहीं म्हणून.

आतां दुसरी बाजू पाहूं. क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन गृहस्थानें १९१२ नंतरच्या कांहीं वर्षांत लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर असें पाहिलें कीं, कडाक्याच्या थंडींत झटकन गोठलेला मासा पुष्कळ दिवसांनीं शिजविला तरी ताज्यासारखा लागतो. सावकाश गोठल्यास पाण्याचे मोठे स्फटिक होऊन पेशींचीं आवरणें फाटतात. झपाट्यानें गोठल्यास स्फटिक बारीक राहतात. याच तत्त्वावर गोठविलेला माल, त्यांत वाटाणाहि, १९३० सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड शहरीं दुकानांतून विकण्यास प्रारंभ झाला.

कारखान्यांत सोललेले दाणे प्रथम उकळत्या पाण्यांत किंवा वाफेंत थोडा वेळ धरतात. रंग व चव बिघडविणारीं एन्झाइम नांवाचीं द्रव्यें त्यामुळें निकामी होतात. मग दाणे गार करून शून्याखालीं १८ अंश सेंटिग्रेड किंवा त्याहून थंड स्थितींत ठेवतात. उकळण्यांत 'क' जीवनसत्त्वाचा कांहीं अंश जातो. परंतु पुढील घट फार मंद असते. म्हणून तोडल्या दिवशींच गोठविलेला दाणा तीन दिवसांच्या शेंगेहून गोड लागूं शकतो. मात्र सकाळीं तोडून दुपारीं शिजविलेल्या शेंगेची सर दोहोंसहि नाहीं.

स्वयंपाकांत दोहोंची रीत निराळी आहे. ताजा दाणा फोडणींत परतून, पाण्याचा हबका मारून, झांकणाखालीं शिजवावा. गोठविलेला दाणा आधींच थोडा शिजलेला असतो. तो बाहेर वितळत न ठेवतां, उसळ किंवा पोहे होत आले म्हणजे घालावा व चार-पांच मिनिटें वाफ द्यावी. त्यास पाणी सुटतें, म्हणून वरून पाणी बेतानें घालावें. लागेल तेवढाच काढावा. वितळलेला पुनः गोठवूं नये. फरसबी व फुलकोबी गोठविल्यावर रश्शास चालतात. काकडी व मुळा लिबलिबीत होऊन कोशिंबिरीच्या कामाचे राहत नाहींत.

घरीं हें करावयाचें तर सुरकुतलेल्या बियांचें वाण घ्यावें. आर्केल त्यांपैकींच आहे. अशा दाण्यांत साखर अधिक व स्टार्च कमी असतो. कोंवळ्या शेंगा त्याच दिवशीं सोलून दाणे दीड ते दोन मिनिटें उकळत्या पाण्यांत धरावे, लागलींच बर्फाच्या पाण्यांत टाकावे, कापडावर कोरडे करून ताटांत एका थरानें गोठवावे व मग डब्यांत भरावे. शून्याखालीं १८ अंश टिकत असल्यास आठ-दहा महिने चिंता नाहीं. जेथें वीज तासन्‌तास जाते, तेथें थोडेच ठेवणें शहाणपणाचें.

यांतून शेतकऱ्यानें घ्यावयाचा बोध स्वयंपाकघरापुरता नाहीं. माल वजनावर विकला जात असल्यामुळें शेंग आणखी दोन दिवस वेलीवर ठेवण्याचा मोह होतो. वजन वाढतें, पण गोडीचें पीठ होतें. आणि गिऱ्हाईक वजन एकदांच पाहतें, गोडी मात्र लक्षांत ठेवतें. वेळेवर व सकाळच्या गारव्यांत तोडणी, शेंगांस सावली, पोत्याऐवजीं हवा खेळेल अशा पाट्या, आणि ढीग न मारतां त्वरित रवानगी, एवढें आपल्या हातीं आहे. पिशवींतला दाणा आपला प्रतिस्पर्धी होतो तो बर्फाच्या बळावर कमी आणि आपल्या दिरंगाईच्या बळावर अधिक.