उलटून गुणा, पण का?
बीड जिल्ह्यातल्या गणिताच्या तासाचा आणि तो घेणारा शिक्षक घडवण्याचा प्रश्न

पावणेदोन भागिले अर्धा. भाजक उलटा करायचा, गुणायचं, उत्तर साडेतीन. आठवी-नववी झालेला कोणीही ही रीत सांगेल. पण भाजक उलटा का करायचा आणि हा भागाकार जगण्यात कुठे भेटतो, हे विचारलं की बहुतेकजण अडतात.

लिपिंग मा या संशोधिकेने १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात नेमका हाच भागाकार प्राथमिक शिक्षकांपुढे ठेवला होता. अमेरिकेतल्या ज्या २१ शिक्षकांनी तो सोडवायला घेतला, त्यांतल्या ९ जणांचंच उत्तर पूर्ण बरोबर आलं. चीनमधल्या ७२ पैकी ७२ जणांचं बरोबर आलं आणि त्यांतल्या बहुतेकांना त्यावर योग्य असं शाब्दिक उदाहरणही रचता आलं. हे चिनी शिक्षक अमेरिकी शिक्षकांपेक्षा कमी वर्षं शिकलेले होते: साधारण नववीपर्यंतची शाळा आणि नंतर दोन-तीन वर्षांचं प्रशिक्षण. शिक्षकाच्या पदव्या वाढल्या की शिकवणं आपोआप सुधारतं, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. शालेय गणित शिक्षकाला मुळापासून उमगलं आहे का, यावर सारं ठरतं. बीडमधल्या सुधारणेचा विचारही इथूनच सुरू व्हायला हवा.

उपपत्तीची जुनी परंपरा

‘उलटून गुणा’ हा नियम आपल्याकडे परका नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे इ. स. ११५० मध्ये तो आहे: भाजकाच्या अंश-छेदांची अदलाबदल करा आणि गुणाकाराची रीत लावा. आचार्य आपलं गाव विज्जडविड असं सांगतात. काही अभ्यासकांच्या मते ते आजचं बीड, काहींच्या मते चाळीसगावजवळच्या पाटणचा परिसर. हा वाद मिटलेला नाही. पाटणला मात्र गणिताच्या अध्यापनाचा दगडात कोरलेला पुरावा आहे. आचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने १२०७ मध्ये त्याला दान दिलं. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेल्या या शिलालेखाचा अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारातल्या व्यवहारांतून मठाला काय द्यायचं, ते त्यात नोंदलं आहे. गणिताच्या शाळेला पेठेचा आधार होता.

लीलावतीत नियम आणि उदाहरणं येतात; नियमामागची उपपत्ती, म्हणजे त्याचं ‘का’, पुढच्या टीकाकारांनी उलगडून मांडली. माजलगावला लागून असलेल्या पाथरीत, म्हणजे जुन्या पार्थपुरात, ज्ञानराजाचा मुलगा सूर्यदास याने १५३८ मध्ये भास्कराचार्यांच्याच ‘बीजगणित’ या ग्रंथावर आणि १५४१ मध्ये लीलावतीवर टीका लिहिली. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांची, उपपत्तींसाठी नावाजलेली ‘बुद्धिविलासिनी’ १५४५ची. उपपत्तीवाचून गणकाला जाणत्यांच्या सभेत मान नाही आणि त्याच्या स्वतःच्या मनातली शंकाही फिटत नाही, असं खुद्द भास्कराचार्यांनी गोलाध्यायात बजावलं आहे. शिक्षक-प्रशिक्षणाचं ध्येय यापेक्षा नेमकं सांगता येणार नाही.

दोनदा तुटलेली साखळी

जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी १९०८ मध्ये एक दुहेरी तुटलेपण दाखवलं. विद्यार्थी विद्यापीठात येतो तेव्हा शाळेतलं गणित मागे पडतं. तोच शिक्षक म्हणून शाळेत परततो तेव्हा विद्यापीठातलं गणित मागे पडतं. आपल्या बीएस्सी, बीएड आणि शाळा या वाटेवर हे आजही तसंच घडतं.

बीएस्सीला गट, वलय, क्षेत्र शिकवतात. क्षेत्रात शून्याखेरीज प्रत्येक घटकाला गुणाकार व्यस्त असतो आणि भागणं म्हणजे त्या व्यस्ताने गुणणं. ‘उलटून गुणा’ची उपपत्ती ती हीच. पण महाविद्यालयात ती इंग्रजीत ‘मल्टिप्लिकेटिव्ह इन्व्हर्स’ या नावाने, अनेकदा पाठ केलेल्या सिद्धतेत भेटते आणि पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांशी तिची गाठ कोणी घालून देत नाही. बीएडला पाठ टाचण, शैक्षणिक साधनं, मानसशास्त्र असतं. गणित तुम्हाला येतंच, असं तिथे धरून चालतात. डीएलएडला येणारी अनेक मुलंमुली कला शाखेची. त्यांचं गणित दहावीलाच सुटलेलं असतं आणि पहिली ते पाचवीचा पाया घालायची जबाबदारी त्यांच्यावरच येते.

परिणाम समोर आहे. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधारण ३० टक्क्यांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं.

नुसतं पाठ्यपुस्तक बदलून काय होतं, हे २०१९ मध्ये दिसलं. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं. जोडाक्षरांत अडखळणाऱ्या मुलांना दशक-एकक दिसावेत, हा त्यामागचा हेतू. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी तो शांतपणे समजावून सांगितला, पण तोवर विषय विधानसभेत थट्टेचा झाला होता. शिक्षक आणि पालकांपर्यंत ‘का’ आधी पोचला असता, तर चर्चा वर्गातल्या अनुभवावर झाली असती.

फडातलं गणित

दरवर्षी बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही मुलं आईवडिलांबरोबर फडावर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात. या मुलांच्या घरात गणित भरपूर आहे. समजा, एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, एक लाखाची उचल घेतली. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. या दराने उचल फिटायला सुमारे २७३ टन तोडावे लागतात. रोजचे दोन टन धरले तर १३७ दिवस. खाडे, आजारपण, पाऊस वेगळे. आता पुढचा प्रश्न: दर ३४ टक्क्यांनी वाढला, पण पाऊस नसल्याने ऊस कमी भरला आणि टनेज पाव घटलं, तर कमाई किती वाढली? १.३४ ला पाऊणने गुणा: १.००५. कमाई जवळपास होती तिथेच. भागाकार, शेकडेवारी आणि अपूर्णांक या एका हिशेबात येतात आणि मुकादमाची वही वाचायची ताकदही. असा प्रश्न वर्गात उभा करायला शिक्षकाला गणित आणि मुलांचं जगणं, दोन्हींवर पकड लागते.

सुरुवात कुठून

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३०पर्यंत चार वर्षांचं एकात्मिक बीएड ही शिक्षकाची किमान पात्रता ठरवली आहे. विषय आणि अध्यापन एका छताखाली आणायची ही संधी आहे. मात्र दोन जुने अभ्यासक्रम शेजारी-शेजारी ठेवले, तर भेग तशीच राहील.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षात शालेय गणित उच्च पातळीवरून पाहणारी एक प्रश्नपत्रिका हवी: शून्याने का भागत नाहीत, ऋण गुणिले ऋण धन का, पाऊणकी-दिडकी-औटकी या अपूर्णांकांच्या जुन्या पाढ्यांमागे कोणता नियम आहे. परीक्षेत ‘सिद्ध करा’बरोबर ‘या विद्यार्थ्याची चूक शोधा आणि तो कसा विचार करत होता ते लिहा’ असाही प्रश्न हवा. बीएडच्या २० आठवड्यांच्या शालेय अनुभवात महाविद्यालयातला गणिताचा प्राध्यापक निदान काही तास वर्गात मागच्या बाकावर बसायला हवा. अंबाजोगाईच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने केंद्राच्या दर शिक्षण परिषदेत एकच ‘का’ घ्यावा आणि तो तडीस न्यावा.

यातलं काही अशक्य कोटीतलं नाही. प्रा. एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या ‘एमटीटीएस’ या उन्हाळी शिबिरांनी देशभरातल्या साध्या महाविद्यालयांतल्या मुलांना प्रश्न विचारत, स्वतः सिद्धता शोधायला लावत गणित शिकवलं. ती पद्धत काही आठवड्यांच्या शिबिरात चालते, तर बीड, परळी, अंबाजोगाईच्या वर्गात वर्षभर का चालू नये? येत्या जूनमध्ये एखाद्या प्राध्यापकाने पहिल्याच तासाला ‘उलटून का गुणायचं?’ हा प्रश्न फळ्यावर लिहावा आणि मुलांकडून उत्तर येईपर्यंत तो पुसू नये. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.