मुंबईतील विस्मृत जलप्रवाह : आदिवासी-कोळी ज्ञानपरंपरा आणि नागरी परिसरविज्ञान

प्रस्तावना

साष्टी बेटाच्या मध्यभागी असलेल्या डोंगराळ प्रदेशातून दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या चार नद्या वाहतात. आज या प्रदेशाचा मोठा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आणि आरे परिसरात समाविष्ट आहे. चारही नद्या उपनगरांतून वाहत जाऊन खाडीला मिळतात. तथापि बहुसंख्य मुंबईकरांना त्यांचा परिचय दीर्घकाळ केवळ 'नाला' म्हणूनच होता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस नोंदविला गेला. त्याच काळात कुलाब्यास ७५ मि.मी. देखील पाऊस झाला नाही. या अतिवृष्टीत शेकडो माणसे मृत्युमुखी पडली आणि 'मिठी' हे नाव सर्वतोमुखी झाले. शहराच्या विस्मरणात गेलेले हे प्रवाह येथील आदिवासी पाडे व कोळीवाडे यांच्या स्मरणातून मात्र गेलेले नव्हते. या स्मरणाचे स्वरूप आणि नागरी परिसरविज्ञानाच्या दृष्टीने त्याचे मूल्य यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

येथे एक खुलासा आवश्यक ठरतो. आरेतील पाड्यांवर राहणारे वारली, कोकणा, मल्हार कोळी हे अनुसूचित जमातींत मोडतात. किनाऱ्यावरील सोनकोळी त्या यादीत नाहीत. परंतु शासकीय वर्गवारी आणि भूमीशी असलेले नाते या दोन भिन्न बाबी आहेत. पाण्याच्या ज्ञानाचा विचार करताना डोंगर आणि खाडी यांची ताटातूट करणे योग्य होणार नाही.

प्रवाहाची घडण व मोडतोड

१८६० साली विहार तलाव बांधून पूर्ण झाला आणि मुंबई बेटाला नळाचे पाणी मिळू लागले. विहार व पवई या तलावांच्या सांडव्यावरून वाहणारे पाणी घेऊन मिठी सुमारे १८ किलोमीटरचा प्रवास करते व माहीमच्या खाडीत विसर्जित होते. या प्रवासात विमानतळाच्या धावपट्टीखालून जाण्यासाठी तिला जवळजवळ काटकोनात वळणे घ्यावी लागतात. पुढे ज्या पाणथळ भागात ती पूर्वी पसरत असे, तेथे भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. संकुलाच्या विकासाचे काम १९७७ पासून प्रादेशिक विकास प्राधिकरणाकडे आले. शहराच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्यांची रचना तासाला २५ मि.मी. पाऊस गृहीत धरून झाली होती; १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ही क्षमता दुप्पट करण्याची शिफारस केली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती उचितच होती. मात्र तासाला किती मि.मी. पाऊस वाहून न्यायचा, एवढ्याच मापाने नदीकडे पाहिले की तिचे रूपांतर नळात होते, हेही तितकेच खरे.

पाऊणपटीचे गणित

मुंबईच्या पुराचे मर्म पावसाइतकेच भरतीत आहे. समुद्राची पातळी वर असेल तर नदीचे पाणी खाडीत उतरत नाही, ते मागे फुगते. कोळी समाजाचे दैनंदिन जीवनच या ज्ञानावर आधारलेले होते. डोल जाळे प्रवाहाच्या जोरावर चालते. त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग यांतील भेद चुकणे परवडणारे नसते. भरतीची वेळ काढण्याची पारंपरिक रीत सोपी आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की स्थूलमानाने पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. भरतीची वेळ दररोज सुमारे पाऊण तासाने, काटेकोरपणे सांगायचे तर पन्नास मिनिटांच्या आसपास, पुढे सरकते. या खगोलीय वस्तुस्थितीचेच हे लोकगणित होय.

हे गणित २६ जुलै २००५ ला लावून पाहावे. पौर्णिमा २१ जुलैला झाली होती. पौर्णिमेनंतरचा हा पाचवा दिवस. पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार. त्या दिवशीची ४.४८ मीटरची भरती प्रत्यक्षात दुपारी चारच्या सुमारासच आली आणि पावसाचा जोर दुपारीच वाढला होता. कार्यालये सुटून लाखो लोक रस्त्यावर येण्याची वेळही तीच. भरती किती उंच येईल हे या रीतीने कळत नाही, पावसाचा अंदाज तर नाहीच. पण खाडीचे दार कोणत्या वेळी बंद असेल हे तोंडी हिशेबाने सांगता येत होते.

वलगण : नदीच्या कडा कोठे असतात?

उत्तर कोकणात पहिल्या जोरदार पावसात गोड्या पाण्यातील मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट दिशेने चढतात आणि ओहोळांतून भातखाचरांत शिरतात. यास 'वलगण' म्हणतात. खवय्यांना ही पर्वणी वाटते. अभ्यासकाला मात्र तीत नदीची व्याख्या सापडते. नदी पावसाळ्यात आडवी पसरते, खाचर हा तिचाच भाग होतो आणि पाणी ओसरल्यावर ती पुन्हा पात्रात परतते, हे वलगणीचे मासे धरणाऱ्यास वेगळे शिकवावे लागत नाही. नागरी परिसरविज्ञान यालाच प्रवाहाची उभी व आडवी सलगता म्हणते. पात्राच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती उभारल्या की आडवी सलगता तुटते, पाणी मुरण्याची जागा संपते, वेग वाढतो आणि खालच्या वस्त्यांवरील भार वाढतो. २००५ नंतर मिठीच्या रुंदीकरणाबरोबर भिंतींचेही बांधकाम झाले. ग्रामीण बोलीतील झरा, ओहोळ, वहाळ, कोंड, खाजण या शब्दांतून पाण्याच्या निरनिराळ्या अवस्था व्यक्त होतात. नगररचनेच्या नकाशावर त्या साऱ्यांना मिळून 'नाला' हा एकच शब्द उरतो. ज्याला खाजण हा शब्द ठाऊक नाही, त्याला ती जागा पडीकच दिसणार.

पाण्याची ही जाण पुरातन आहे. याच डोंगरातील कान्हेरी लेण्यांत खडकात खोदलेली टाकी व त्यांत पावसाचे पाणी आणणाऱ्या पन्हळी आजही पाहता येतात, आणि तेथील ब्राह्मी लेखांत 'पोढी' म्हणजे पाण्याचे टाके दान दिल्याच्या नोंदी आहेत.

ज्ञानाच्या मर्यादा

या परंपरेचे उदात्तीकरण करण्याचा मोह टाळला पाहिजे. धारावी कोळीवाड्यालगतची खाडी गाळाने व सांडपाण्याने भरत गेली तशी तेथील मासेमारी संपुष्टात आली. आणि जेथे जाळे पडत नाही तेथे भरतीचा हिशेबही पुढच्या पिढीकडे आपोआप जात नाही. भरावामुळे खाडीचे मुख आक्रसल्याने जुने ठोकताळे जसेच्या तसे लागू पडतील असेही नाही. आरेमधील स्थिती काहीशी वेगळी आहे. तेथील पाड्यांवर आजही भात व भाजीपाला पिकतो, त्यामुळे कोणता ओहोळ किती काळ ओला राहतो हे पाहणारी माणसे तेथे आहेत. २०२० मध्ये तेथील सुमारे ८०० एकर क्षेत्र राखीव वन म्हणून घोषित करण्याचा निर्णय झाला; मिठीच्या पूरमैदानातील मेट्रोची कारशेड मात्र तेथेच उभी राहिली.

महापालिका दरवर्षी पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी प्रसिद्ध करते. त्यातील बहुतेक दिवस अमावास्या-पौर्णिमेच्या लगतचे असतात, हे कोळीवाड्यातील वृद्धांना यादीवाचून ठाऊक असते. २६ जुलै २००५ ची भरती या मर्यादेपेक्षा दोन सेंटिमीटरने कमी होती.