गडहिंग्लज इकडे, चिकोडी तिकडे

२४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत सरनोबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा घोडेस्वार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. कुसुमाग्रजांच्या कवितेने आणि त्यावरच्या गाण्याने हा प्रसंग महाराष्ट्राच्या घराघरात पोचवला. त्याचे रूढ स्पष्टीकरणही सर्वांना पाठ आहे. उमराणीला कोंडलेल्या खानाला प्रतापरावांनी सोडून दिले, शिवाजी महाराजांनी कडक शब्दांत जाब विचारला, आणि तो सल प्रतापरावांना मृत्यूच्या तोंडी घेऊन गेला. सातांपैकी उरलेल्या सहांची नावे परंपरेने आलेली आहेत, त्यांना समकालीन कागदाचा भक्कम आधार नाही. मात्र डोंगरांमधल्या अरुंद वाटेत सरनोबत थोड्या स्वारांसह मारला गेला, ही बातमी त्याच वर्षीच्या इंग्रजांच्या पत्रव्यवहारात आहे आणि बखरकार सभासदानेही हे स्थळ नोंदवले आहे. तेव्हा प्रसंग खरा आणि संतापही खरा मानायला हरकत नाही. पण संतापाने एका माणसाची कृती उलगडते, लढाईची जागा उलगडत नाही. विजापूरचा सेनापती आणि स्वराज्याचा सरनोबत दहा महिन्यांत दोनदा समोरासमोर आले, आणि ती दोन्ही ठिकाणे, जत तालुक्यातले उमराणी आणि गडहिंग्लज तालुक्यातले नेसरी, आज महाराष्ट्र-कर्नाटक सीमेलगत आहेत. हा योगायोग म्हणायचा की या पट्ट्याच्या घडणीतच संघर्ष आहे? राज्याराज्यांतल्या भांडणाचे मूळ जमिनीत असते, लोकांत असते की आणखी कशात, हा जगभर चर्चिला गेलेला प्रश्न नेसरीच्या पंचक्रोशीत तपासून पाहता येतो, कारण इथे तो साडेतीनशे वर्षांत निरनिराळ्या रूपांत उभा राहिला आहे.

आधी जमीन पाहू. नेसरीच्या पश्चिमेला सह्याद्रीची धार आहे आणि तिच्यातून आंबोली, रामघाट, तिलारी अशा वाटा कोकणात उतरतात. पूर्वेला घटप्रभा आणि हिरण्यकेशीच्या खोऱ्यांतून देश सपाट होत कर्नाटकात शिरतो. वर हुबळीसारख्या पेठा आणि खाली वेंगुर्ल्यात डचांची, कारवारात इंग्रजांची वखार. कापड या घाटवाटांनी बंदरांकडे जाई, आणि वाट ज्याच्या ताब्यात त्याच्या हाती जकात. नोव्हेंबर १६७२ मध्ये अली आदिलशहा वारला, लहानगा सिकंदर गादीवर आला आणि विजापूरच्या दरबारात दख्खनी व पठाण गटांची ओढाताण सुरू झाली. मार्च १६७३ मध्ये महाराजांनी पन्हाळा घेतला, त्याच वर्षी साताराही घेतला. प्रतापरावांच्या फौजेने हुबळीची पेठ लुटली, त्यात इंग्रजांच्या वखारीलाही झळ बसली. पन्हाळा गेल्यावर दक्षिणेकडचा सारा मुलूख उघडा पडला, आणि तो सावरायला बहलोलखान बाहेर पडला. पन्हाळा आणि कर्नाटक यांच्यामधल्या वाटेवर ही गाठ पडणे जवळजवळ अटळच होते.

तरीही जमिनीने लढाई घडवली असे म्हणता येत नाही. त्याच घाटवाटा, त्याच नद्या त्याआधी शतकानुशतके होत्या आणि पुढेही राहिल्या. जर्मन भूगोलकार फ्रिडरिश राट्झेल याने १८९७ मध्ये राज्य हा वाढणारा जीव आहे आणि सरहद्द ही त्याची कातडी आहे असे मांडले. त्यावरून काही जणांनी संघर्ष म्हणजे निसर्गनियमच ठरवून टाकला आणि विसाव्या शतकाने त्याची किंमत मोजली. १९०७ मध्ये ऑक्सफर्डच्या व्याख्यानात लॉर्ड कर्झनने युद्ध आणि शांतता सरहद्दींवरच ठरते असे सांगितले, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर नकाशावरची आखीव रेषा होती. १६७४ मध्ये नेसरीला अशी रेषाच नव्हती. किल्ले होते, ठाणी होती, देशमुख-देसायांची वतने होती आणि एकाच गावातून दोन-दोन सत्ता वसुली मागत होत्या. कुडाळचे सावंत कधी विजापूरकडे तर कधी महाराजांकडे झुकत. मुधोळचे घोरपडे आदिलशाहीचे चाकर होते, आणि नेसरीच्या सातांत परंपरा सिद्दी हिलाल हे नाव सांगते. म्हणजे ही दोन धर्मांची किंवा दोन लोकांची टक्कर नव्हती. एकाच रयतेवर दोन राज्यांचा हक्क बसला होता आणि तो मिटवणारा दोघांनाही मान्य असा कुणी उरला नव्हता. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे: भूगोल भांडणाचे ठिकाण सांगतो, भाषा आणि धर्म भांडणाला आवाज देतात. भांडण पेटते ते मात्र एकाच मुलुखावर दोन हक्क चढल्यावर, त्या हक्कावर लोकांचे पोट किंवा प्रतिष्ठा अवलंबून असल्यावर आणि निवाडा करणारी संस्था नसल्यावर.

एकोणिसाव्या शतकाने याचा दाखला दिला. नेसरीपासून जवळच असलेल्या सामानगडावर १८४४ मध्ये गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. गडकरी मराठे, त्यांचा कोल्हापूरचा राजा मराठा, भाषा एक, देव एक. मग बंड का? संस्थानाचा कारभार इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडित यांच्या हाती गेला, गडकऱ्यांच्या जमिनी मामलतदारांच्या अखत्यारीत आल्या आणि पिढीजात हक्क जाणार असे त्यांना वाटले. दाद मागायला जागाच नव्हती. बंड भुदरगडपर्यंत आणि घाटाखाली सावंतवाडीत पसरले, आणि ते मोडायला इंग्रजांना फौज आणावी लागली. परक्या भाषेवाचून, परक्या धर्मावाचून हे घडले, हे लक्षात ठेवले पाहिजे.

त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली. तिची फारशी चर्चा होत नाही, पण आजचा सीमाप्रश्न तिच्यावर उभा आहे. पेशवाईविरुद्धच्या युद्धात मदत केल्याबद्दल इंग्रजांनी चिकोडी आणि मनोळी हे तालुके कोल्हापूर दरबाराला दिले. पुढे दहाएक वर्षांत शहाजी ऊर्फ बुवासाहेब महाराजांशी बिनसल्यावर ते काढून घेतले. निपाणीकर देसायांची जहागीरही नंतर खालसा झाली. १८३६ मध्ये धारवाडातून बेळगाव हा वेगळा जिल्हा निघाला आणि हा पट्टा खालसा मुलखातल्या त्या जिल्ह्यात बसला. गडहिंग्लज मात्र कोल्हापूर संस्थानातच राहिले. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, गडहिंग्लज कोल्हापूर जिल्ह्याचा तालुका झाला आणि नेसरी महाराष्ट्रात आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि त्याच्याबरोबर चिकोडी व निपाणीही गेली. पूर्व गडहिंग्लजच्या हलकर्णी, बसर्गे भागात घराघरांत कन्नड बोलले जाते, पण तो भाग महाराष्ट्रात आहे. निपाणीत मराठी बोलले जाते, पण ती कर्नाटकात आहे. जत आणि अक्कलकोटातली कन्नड गावेही महाराष्ट्रात आली, कारण तीही संस्थानेच होती. ज्या रेषेला आपण भाषेची सीमा म्हणतो ती बऱ्याच ठिकाणी संस्थान आणि खालसा यांच्यामधली जुनी हद्द आहे. एका राजावर रेसिडेंटची मर्जी खप्पा झाली नसती तर चिकोडीचा इतिहास वेगळा होऊ शकला असता. आज दोन्ही बाजूंना जे लोक अनादि हक्काची भाषा बोलतात त्यांनी हे विसरू नये.

यावर पहिला आक्षेप असा येईल की भाषा म्हणजे वसुलीचा हक्क नव्हे. ती माणसाचे असणे आहे, आणि जानेवारी १९५६ मध्ये बेळगाव-निपाणीत जे गोळीला सामोरे गेले ते पोटासाठी गेले नाहीत. हे खरे आहे. त्या हौतात्म्याचा हिशेब पोटापाण्यात मांडणे अन्यायाचे होईल. पण भाषेचा अभिमान हिंसेच्या टोकाला केव्हा जातो, हा वेगळा प्रश्न आहे. चंदगड हा नव्वद टक्क्यांहून अधिक मराठी तालुका महाराष्ट्रात आला आणि शांत राहिला. खानापुरात मराठी माणसे निम्म्याहून थोडीच अधिक होती. राज्य पुनर्रचना आयोगाने जिल्हा हाच मुख्य घटक धरला आणि काठावरच्या बहुमताला फारसे वजन दिले नाही, म्हणून तो तालुका म्हैसूरला गेला आणि आजही धुमसतो. दोन्हीकडच्या मराठी माणसाच्या स्वभावात काही फरक नाही. फरक आहे तो सातबारा कोणत्या भाषेत मिळतो, नोकरीच्या परीक्षेत कोणती भाषा लागते आणि कचेरीतला कारकून कोणत्या भाषेत उत्तर देतो, यात. १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात पुन्हा गोळीबार झाला. शाळा आणि सरकारी व्यवहार यांतल्या सक्तीचे ते भांडण होते. रेषा तर तीस वर्षे जागेवरच होती. उलट १९८१ मध्ये त्याच निपाणीत शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक रस्त्यावर बसले, तेव्हा मराठी आणि कन्नड शेतकरी एका पंगतीत होते. व्यापारी तंबाखूचा भाव पाडून घेतो हे दोघांनाही सारखेच कळत होते. त्या आंदोलनावरही पोलिसांची गोळी चालली, पण भाषेची फळी कुठे उभी राहिली नाही. गाव तेच, माणसे तीच, भाषाही त्याच. मग त्यांच्यातली तेढ पाच वर्षांत आली आणि गेली असे म्हणायचे, की राज्य जिथे भाषेला हक्काशी जोडते तिथे ती दिसते आणि एरवी दिसत नाही, असे म्हणायचे?

दुसरा आक्षेप पाण्याचा. हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते, आजरा-गडहिंग्लज ओलांडून संकेश्वरला जाते आणि घटप्रभेला मिळते. घटप्रभा चंदगडच्या डोंगरांतून निघून गोकाकमार्गे कृष्णेला मिळते. वरचा पाणी अडवतो, खालचा वाट पाहतो. म्हणजे निसर्गानेच भांडण पेरले आहे, असे म्हणता येईल. प्रत्यक्षात या खोऱ्यांत महाराष्ट्राने फाटकवाडी, चित्रीसारखी धरणे बांधली, कर्नाटकाने हिडकल बांधले, आणि तरीही इथे भाषेच्या वादाइतकी माणसे रस्त्यावर आली नाहीत. कारण १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने कृष्णेच्या पाण्याचे वाटप ठरवले: महाराष्ट्राला ५६० टीएमसी, कर्नाटकाला ७००, आंध्रला ८००. कुणीही खूश नव्हते, पण कुणाकडे किती हे ठरले. अलमट्टी धरणाच्या उंचीवरून आणि २००५ व २०१९ च्या महापुरांवरून आजही वाद होतो. तो मात्र आकडे, पाणीपातळी आणि लवाद यांच्या भाषेत होतो. पाणी मोजता येते आणि भाषिक हक्क मोजता येत नाही, असे कुणी म्हणेल. पण भाषिक हक्कांची मोजणी जनगणना दर दहा वर्षांनी करत आली होती. उणीव होती ती बंधनकारक निवाड्याची.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आहे. रेषेपेक्षा हक्क महत्त्वाचे म्हणणे म्हणजे ज्याच्या ताब्यात मुलूख आहे त्याला ‘असाच ठेवा’ म्हणण्याची सोय करून देणे नव्हे का? तसे होऊ नये म्हणूनच निवाड्याचा इतिहास पाहिला पाहिजे. आंध्र आणि मद्रासमधला वाद पाटसकर यांनी खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या या सूत्रांवर सोडवला. हेच सूत्र मुंबई राज्याने १९५७ मध्ये बेळगावसाठी मागितले. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, पण १९६७ च्या त्याच्या अहवालाने बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवले. निपाणी, खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत असे सुचवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला, कर्नाटक त्यालाच चिकटून राहिले, आणि तो कुणावरही बंधनकारक नव्हता. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. तो दावा प्रलंबित असतानाच बेळगावात सुवर्ण विधानसौध उभे राहिले आणि शहराचे अधिकृत नाव बदलले. डिसेंबर २०२२ मध्ये जतच्या गावांवरून वाद भडकल्यावर केंद्रीय गृहमंत्र्यांना दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावून समेटाची समिती नेमावी लागली. म्हणजे निवाडा हवा, खेडे हाच घटक धरून हवा, आणि तो लवकर हवा. त्याने चुकीच्या बाजूला पडलेल्या माणसांची संख्या कमी होईल. पण ती शून्यावर येणार नाही, कारण नेसरीच्या पूर्वेला एकाच गावात, कधी एकाच घरात, दोन्ही भाषा नांदतात. सौंदत्तीच्या यल्लम्माला कोल्हापूरकर जातात आणि जोतिबाला कन्नड भाविक येतात. संकेश्वरी मिरचीला गडहिंग्लजच्या बाजारात मान आहे. खेडे हा घटक धरला तरी खेड्यातला अल्पसंख्य उरतोच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिताना ‘एक राज्य, एक भाषा’ हे तत्त्व मान्य केले, पण भाषिक राज्यात बहुसंख्य जातींची सत्ता अल्पसंख्यांवर बसेल असा इशाराही दिला. त्या इशाऱ्याचा अर्थ सीमाभागात दुप्पट खरा ठरतो. घटनेच्या ३५० अ या कलमात मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली आहे आणि ३५० ब मध्ये भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी आहे. बेळगावच्या मराठी माणसाला मराठीत परिपत्रक मिळावे ही मागणी न्याय्य आहे. मग जतच्या कन्नड शाळेत पुरेसे शिक्षक आणि वेळेवर कन्नड पुस्तके असणे हीदेखील तितकीच न्याय्य मागणी आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करून महाराष्ट्राने बेळगावसाठी न्याय मागितला, तर तो हक्क मागत नाही, मुलूख मागतो आहे असेच समोरचा समजेल आणि त्याला खोटे पाडणे अवघड जाईल. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महाराष्ट्राच्या हातात नाही. पूर्व गडहिंग्लज, जत आणि अक्कलकोट मात्र आहेत. सीमेपलीकडच्या मराठी माणसासाठी आपण जे मागतो ते सीमेच्या अलीकडच्या कन्नड माणसाला आधी देऊन दाखवणे, हा महाराष्ट्राच्या दाव्याचा सर्वांत मजबूत पुरावा ठरेल, आणि त्यासाठी कुठल्याही आयोगाची वाट पाहावी लागत नाही.