‘चार चाकं’ वाचताना

पनवेलहून माथेरानकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुकापूर लागतं. सहा वर्षांच्या मुलाला या नावाची पाटी वाचायला सांगा. पहिला उकार ह्रस्व, तिसऱ्या अक्षराचा दीर्घ, मध्ये काना. शेवटचा ‘र’ लिहिलेला अख्खा, उच्चारताना मात्र पाय मोडलेला. ‘पनवेल’मध्ये ‘न’तला ‘अ’ बोलताना गळून पडतो. शेजारच्या ‘विचुंबे’त डोळ्याला आधी वेलांटी दिसते, जिभेला मात्र आधी ‘व’ म्हणावा लागतो, आणि वरच्या टिंबाचा ‘म’ करायचा. तेच टिंब ‘पंखा’त वेगळं वाजतं आणि ‘घरं’मध्ये नुसता ‘अ’ लांबवतं.

हे सगळं मूल करतं, तेही पहिली-दुसरीत! लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवून, आधी आणि नंतर त्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं गेलं होतं. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बदल मेंदूच्या वरच्या थरापुरता राहिला नव्हता. थॅलॅमस आणि मस्तिष्कस्तंभ अशा खोलवरच्या, उत्क्रांतीत फार आधी घडलेल्या भागांपर्यंत तो पोचला होता. वाचन शिकणं म्हणजे एवढी मोठी घडामोड.

आता ‘चार चाकं’ हे दोन शब्द मोठ्यानं म्हणून पाहा. ‘चा’ दोन्हीकडे सारखाच छापलेला, पण दोन्हीकडचा आवाज निराळा. कागदावर याची काहीही खूण नाही. मूल बरोबर वाचतं, कारण हे शब्द त्याच्या कानात आधीच असतात. डोळा अर्धं काम करतो, उरलेलं कान पुरं करतो. माझ्या मते पहिलं पुस्तक निवडण्याची खरी कसोटी हीच: यातले शब्द या मुलाने ऐकलेले आहेत का?

म्हणूनच पुस्तकावरच्या पातळीच्या आकड्यावर सगळा भरवसा ठेवू नये. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात आणि पहिल्या पातळीची गोष्ट साधारण २५० शब्दांच्या आत असते. ही सोय मोठीच आहे. पण मराठीत शब्द मोजून फारसं कळत नाही. ‘घर’ हा एक शब्द आणि ‘घरासमोरच्यांनी’ हाही एकच शब्द. अमेरिकेत डॉ. स्यूस यांनी १९६० साली ‘ग्रीन एग्ज अँड हॅम’ हे पुस्तक केवळ ५० वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं. त्यातले ४९ एकाच सिलेबलचे. मराठीत ‘बसतो, बसते, बसलं, बसूया’ करता करताच शब्द वाढत जातात. त्यापेक्षा एक पान उघडून जोडाक्षरं किती, प्रत्ययांची शेपटी किती लांब आणि चित्रावरून गोष्ट कळते का, एवढं पाहावं.

मराठीकडे स्वतःची एक दौलतही आहे. टपटप, सळसळ, खळखळ, भुरभुर. अर्धा शब्द वाचला की उरलेला अर्धा आपोआप हाती येतो. अक्षरं सोपी, ताल पक्का, आणि अर्थ तर आवाजातच. पनवेलच्या पावसात वाढणाऱ्या मुलाला ‘धो धो’ समजावून सांगावं लागत नाही. असे शब्द पानोपानी परत येणारं पुस्तक दिसलं, तर ते मी लगेच उचलेन. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांतली बोलती, घरगुती भाषा आणि त्यांनी स्वतः काढलेली चित्रं मला याच कारणासाठी मोलाची वाटतात.

सुकापूरच्या आसपास आगरी घरांतल्या मुलांच्या कानात मात्र वेगळी मराठी असते. आगरीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘ल’. छापलेलं ‘पाणी’ मुलानं ‘पानी’ असं वाचलं, तर त्याने अक्षर ओळखलं, अर्थ ओळखला आणि तो आपल्या आवाजात सांगितला. तिथे त्याला थांबवू नये. इथे नव्याने आलेल्या हिंदी, गुजराती घरांतल्या मुलांना आधी गोष्ट ऐकवावी, दोन-चार वेळा, आणि मग पुस्तक हातात द्यावं. तोवर कान तयार झालेला असतो.

एक अडचण उरते. ‘म्हणाला’, ‘त्याच्या’, ‘तुझ्या’ हे शब्द टाळून मराठीत गोष्ट सांगणं जवळपास अशक्य, आणि त्या सगळ्यांत जोडाक्षरं. संशोधक सोनाली नाग यांच्या कन्नड मुलांवरच्या अभ्यासात दिसलं, की अक्षरांचा पूर्ण संच हाती यायला चौथीपर्यंतची वर्षंही अपुरी पडतात; मराठीतही घाई करण्याचं कारण नाही. असा शब्द आला की शेजारी बसलेल्या मोठ्या माणसानं तो सहज म्हणून टाकावा आणि पुढचा मुलाला वाचू द्यावा. ‘म्हणाला’ एका गोष्टीत दहा वेळा येतो. कधी तरी मूल तो आपल्याआधीच म्हणून मोकळं होतं.