ऑफस्टेडची तपासणी घरी येणार? घराआधी माणसांची तयारी करा

रत्नागिरी-रायगडहून जाऊन इंग्लंडात स्थिरावलेल्या आपल्या कोकणी मुस्लिम घरांत दुसऱ्याचं मूल सांभाळणं ही काही नवी गोष्ट नाही. नणंदेचं मूल, शेजारणीचं मूल, मशिदीत ओळख झालेल्या एखाद्या भगिनीचं मूल दिवसभर घरात खेळत असतं. पण नात्यातलं मूल सांभाळणं वेगळं आणि मोबदला घेऊन दुसऱ्याचं मूल सांभाळणं वेगळं, असं तिथला कायदा मानतो. आठ वर्षांखालचं परकं मूल तुम्ही आपल्या घरी, पैसे घेऊन, दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त सांभाळत असाल तर ऑफस्टेडकडे किंवा एखाद्या चाइल्डमाइंडर एजन्सीकडे नोंदणी करावीच लागते. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम व खाती वेगळी आहेत. आम्ही इथे फक्त इंग्लंडबद्दल, आणि थेट ऑफस्टेडकडे अर्ज करणाऱ्यांबद्दल लिहीत आहोत.

ही नोंदणी आता जास्त महत्त्वाची झाली आहे. सप्टेंबर २०२५ पासून नोकरी करणाऱ्या आईबापांच्या नऊ महिन्यांपुढच्या मुलांना, अटींत बसत असतील तर, वर्षातले ३८ आठवडे, आठवड्याला ३० तासांपर्यंत सरकारी खर्चाने सांभाळण्याची सोय मिळते. हा पैसा नोंदणी असलेल्या चाइल्डमाइंडरलाही मिळू शकतो. घर न सोडता स्वतःची कमाई करायची असेल तर ही चांगली वाट आहे. मात्र सख्ख्या भाच्या-पुतण्यांसाठी मावशीला किंवा काकूला हा सरकारी पैसा घेता येत नाही, हे आधीच लक्षात ठेवा. नाहीतर सगळा हिशेब त्यावर मांडलेला असतो आणि मग घरात कुरबुरी होतात.

अर्ज केल्यावर ऑफस्टेडचा निरीक्षक घरी येतो, किंवा निरीक्षिका येते. बहुतेक भगिनी या दिवसासाठी काय करतात? पडदे धुतात, नवीन गालिचा आणतात, खेळण्यांवर शंभर-दोनशे पौंड घालवतात. आमच्या मते यातलं बरंचसं वायफळ आहे. या भेटीत घराला चांगलं-वाईट अशी श्रेणी मिळत नाही. तुमच्या हाती मूल सोपवता येईल का, एवढंच पाहिलं जातं. आणि त्यात घरापेक्षा घरातल्या माणसांचा आणि तुमच्या उत्तरांचा भाग मोठा असतो.

एकत्र कुटुंबाचं घोडं अडतं ते इथेच. घरात राहणाऱ्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाची डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणी लागते. नवरा, सासरे, दीर, कॉलेजात जाणारा मुलगा, वरच्या खोलीत राहणारा भाडेकरू, सगळे यात आले. गेल्या पाच वर्षांत परदेशात राहिलेल्यांना तिथल्या पोलिसांचा दाखलाही लागतो. तुम्ही नुकत्याच भारतातून आला असाल तर या कागदाची तजवीज आधी करा, त्याला वेळ लागतो. सासूबाई गावाहून आल्या आणि आता कायमच्या राहणार आहेत, तर तेही कळवायचं. घरातल्या माणसांमधला असा बदल १४ दिवसांच्या आत ऑफस्टेडला सांगावा लागतो. 'ते तर आमचेच आहेत, त्यांचं काय सांगायचं' असं म्हणून एखादं नाव गाळू नका. माणूस लपवला हे कळलं तर शंका त्या माणसावर कमी आणि तुमच्यावर जास्त येते. चार दिवसांसाठी आलेला पाहुणा वेगळा, पण तपासणी न झालेल्या कोणाच्याही भरवशावर मुलं एकटी सोडायची नाहीत. 'मी दुकानातून येते, अब्बा बघतील' हे इथे चालत नाही.

आता घर. प्रत्येक खोलीत एकदा गुडघ्यांवर बसून पाहा, रांगणाऱ्या मुलाला काय दिसेल आणि काय हाती लागेल ते. सिंकखालची ब्लीचची बाटली, जिन्याचं उघडं टोक, खिडकीच्या पडद्याची लोंबती दोरी, रिमोटमधली बटणासारखी बॅटरी, मागच्या बागेतलं पाण्याचं टब. धुराचा अलार्म चालतो का, ते बटण दाबून बघा. गॅसचं बॉयलर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही हवा. ही यादी कुठेही मिळेल. आपल्या घरांतल्या खास गोष्टी मात्र त्या यादीत नसतात. दादीच्या पर्समधल्या रक्तदाबाच्या गोळ्या, पानदानातली सुपारी, जुम्म्याला पेटवलेली लोबानदाणी, चुलीवरून खाली उतरवून जमिनीवर ठेवलेला गरम टोप. खजूर द्यायचा तर बी काढून, बारीक करून. द्राक्षं उभी चिरून. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे काजू-बदाम नकोत. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही, आपल्याकडे कितीही रीत असली तरी. मधातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. मुलं असताना किंवा येण्याच्या वेळेला घरात सिगारेट, बिडी, व्हेप काहीच नको.

जागेचा हिशेबही विचारतात. दोन वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे साडेतीन चौरस मीटर, दोन वर्षांच्या मुलामागे अडीच, तीन ते पाच वर्षांच्या मुलामागे २.३ चौरस मीटर. एका वेळी आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं, त्यांत पाचाखालची साधारणपणे तीन आणि एक वर्षाखालचं एकच. यात तुमची स्वतःची मुलंही धरतात! घरी दोन लहानगी असतील तर बाहेरची किती घेता येतील ते आजच मोजा.

कागदांत लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा पूर्ण १२ तासांचा कोर्स (तो दर तीन वर्षांनी पुन्हा करावा लागतो), विमा आणि ओळखीचे पुरावे तयार ठेवा. भाड्याचं घर असेल तर घरमालकाची लेखी परवानगी आधीच घेऊन ठेवलेली बरी.

खरी परीक्षा गप्पांमध्ये होते. तुम्हाला नोंदी ठेवता येतील आणि मदतीसाठी फोन करता येईल एवढं इंग्रजी हवं. नवऱ्याने शेजारी बसून उत्तरं दिलेली चालत नाहीत. निरीक्षक विचारतो, मूल सारखं चावत असेल तर काय कराल? इथे 'एक चापट देईन' हे उत्तर सगळं संपवू शकतं. चाइल्डमाइंडरला मारण्याची मुभा नाहीच, मारण्याची धमकीही देता येत नाही. अंगावर वळ दिसला तर काय कराल? तुमच्या नवऱ्याविरुद्धच एखाद्या आईने तक्रार केली तर? हा प्रश्न ऐकून भगिनी दुखावतात. 'माझा नवरा तसा नाही' हे उत्तर नव्हे. स्थानिक कौन्सिलच्या बालसुरक्षा अधिकाऱ्याला कळवीन, ऑफस्टेडला कळवीन आणि घरातल्या घरात चौकशी करणार नाही, हे उत्तर आहे. कौन्सिलचा तो फोन नंबर भिंतीवर लावून ठेवा. नियमांप्रमाणे चाइल्डमाइंडरला धोरणं लेखी ठेवण्याची सक्ती नाही, पण ती आपल्या शब्दांत समजावता आली पाहिजेत. इंटरनेटवरून उतरवलेली पन्नास पानं टेबलावर ठेवली आणि आत काय आहे ते सांगता आलं नाही, तर ती उलटीच पडतात.

'प्रिव्हेंट' आणि ब्रिटिश मूल्यांचा प्रश्न आला की आपल्या भगिनी आक्रसतात. आपण मुस्लिम म्हणून हे विचारतात, असं वाटतं. त्या धोरणावर समाजात मतभेद आहेत, आमचीही काही मतं आहेत, पण हे कर्तव्य अर्ली इयर्स रजिस्टरवरच्या प्रत्येक चाइल्डमाइंडरला लागू आहे, मग ती कोणत्याही धर्माची असो. लहान मुलांच्या पातळीवर ही मूल्यं साधी आहेत. पाळी-पाळीने खेळणं, कोणती गोष्ट ऐकायची ते मुलांनी हात वर करून ठरवणं, ईदच्या शिरखुर्म्यासोबत दिवाळी आणि नाताळचीही गोष्ट सांगणं. घाबरून गप्प बसण्यापेक्षा हे सांगा.

नमाजचंही स्पष्ट बोला. मुलं नेहमी नजरेत किंवा कानाच्या टप्प्यात हवीत, आणि जेवताना दोन्हीत. म्हणून जुहरची नमाज वेगळ्या खोलीत दार लावून नको, मुलं आहेत त्याच खोलीत जानमाज अंथरा. मूल धोक्यात असेल तर नमाज तोडायला शरियतने मुभा दिली आहेच. घरात फक्त हलाल शिजतं हेही आईबापांना पहिल्याच दिवशी सांगून टाका, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

भेट चांगली झाली म्हणजे नोंदणी झाली असं नाही. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत पैसे घेऊन एकही मूल सांभाळायला घेऊ नका, शेजारीण कितीही गळ घालत असली तरी.