संगमाच्या दोन काठांवरचा स्टुडिओ

पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन पूर्वेकडे निघालेली मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. भीमेच्या उत्तरेला शिरूर तालुका, दक्षिणेला दौंड. या दोन तालुक्यांत आज जे शहर उभं राहतंय ते कुणी एका बैठकीत आखलेलं नाही. ते गुंठ्यागुंठ्यानं वाढतंय. अर्बन डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींना याहून चांगला वर्ग शोधूनही सापडायचा नाही.

वास्तुकलेची पदवी झाली की दोन वर्षांचा हा पदव्युत्तर अभ्यासक्रम करता येतो. त्याचा कणा म्हणजे स्टुडिओ. एक जागा निवडायची, पायी फिरायचं, मोजायचं, माणसांशी बोलायचं, मग रेखाटनं आणि मॉडेल घेऊन ज्युरीसमोर उभं राहायचं. एकेकटी इमारत आणि अख्ख्या शहराचा विकास आराखडा यांच्यामधलं सगळं, म्हणजे चौक, बाजार, नदीकाठ, पायवाट, हे या विषयाचं क्षेत्र. हार्वर्डमध्ये होसे लुईस सर्ट यांनी १९५६ साली भरवलेल्या परिषदेतून या विषयाला आकार आला. पण 'आधी पाहणी, मग आराखडा' हा विचार आपल्याकडे त्याआधीच पोचला होता. पॅट्रिक गेडिस १९१४ साली भारतात आले, शहराशहरांतून फिरून त्यांनी अहवाल लिहिले आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवू लागले. सरसकट पाडापाडी नको, आहे ते सांभाळून नेमकी दुरुस्ती करा, हा त्यांचा आग्रह होता.

देशी-परदेशी विद्यार्थी आणि अभ्यासक एकत्र येण्याचे प्रयोगही महाराष्ट्राला नवे नाहीत. २००८ साली धारावीच्या कोळीवाड्यात 'अर्बन टायफून' कार्यशाळा झाली. तिथे बाहेरून आलेले अभ्यासक रहिवाशांसोबत बसून वस्तीचा विचार करत होते. मुंबईचे वास्तुविशारद राहुल मेहरोत्रा आणि त्यांचे हार्वर्डचे सहकारी-विद्यार्थी यांनी २०१३च्या प्रयाग कुंभाची पाहणी केली आणि नदीच्या वाळूवर काही आठवड्यांपुरतं महानगर कसं उभं राहतं, ते नकाशांतून मांडलं.

पण महाराष्ट्राचं उद्याचं शहर फक्त धारावीत नाही. ते शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव, कुरकुंभ इथेही आहे. शिक्रापूरला, जिथे चाकणचा रस्ता नगर रस्त्याला मिळतो, तिथे विद्यार्थ्यांना जमिनीचा एक आडवा छेद काढायला सांगा. आधी कंटेनरांची रांग, मग टपऱ्या, मग गाळे. गाळ्यांच्या मागे कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या, सामाईक संडास, बोअर, पाण्याची टाकी. त्यापलीकडे लगेच ऊस, आणि उसात बिबट्या! पाच मिनिटांच्या चालण्यात एमआयडीसी, परप्रांतातून आलेला संसार, बागायत आणि वन्यजीव. या वस्तीचा रोजचा कारभार मात्र ग्रामपंचायतीकडे. २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) हद्दीत दोन्ही तालुक्यांचा काही भागच येतो.

दौंडचा प्रश्न वेगळा. हे रेल्वेनं वाढवलेलं गाव. रुळांनी इथली वस्ती विभागली आहे. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंडला इंजिन उलट बाजूला लावावं लागे. तो वेळ वाचवायला दौंड स्टेशन टाळून जाणारी कॉर्डलाइन झाली. गाडीची सोय झाली. पण स्टेशनाभोवती जमलेल्या रिक्षा, हॉटेलं, हमाली यांच्या पोटाचं काय, हा प्रश्न डिझाइनचाच आहे.

पाण्याचंही तसंच. मुंढव्याच्या जॅकवेलमधून पुण्याचं प्रक्रिया केलेलं पाणी जुन्या बेबी कालव्यात सोडलं जातं आणि ते दौंडच्या शेतीकडे येतं. शहर आणि शेत यांना जोडणारी ही वाहिनी आहे. ती नकाशावर निळी रेघ म्हणून काढणं सोपं. त्या पाण्याचा वास आणि विहिरीवर होणारा परिणाम शेतकऱ्याकडूनच कळतो.

म्हणून इथल्या स्टुडिओत बाहेरचे आणि इथले, दोन्ही प्रकारचे विद्यार्थी हवेत. बाहेरून आलेली मुलगी विचारेल, एसटीच्या थांब्यापर्यंत चालायला कडेला जागा का नाही? आपल्याला तो प्रश्न पडायचा बंद झालेला असतो. इथला मुलगा सातबारा वाचून सांगेल की हा रस्ता बांधावर अडलाय, कारण विहिरीत चार भावांचा हिस्सा आहे आणि बहिणींची नावं अजून लागायची आहेत. दोघांनी एका टेबलावर बसल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

शेतकऱ्याला आराखड्यातलं काय कळतं, असं म्हणणाऱ्यांनी हडपसरला जावं. तिथल्या शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी उभी केली. जमीन न विकता शहराचा भागीदार होता येतं, हे त्यांनी दाखवलं. प्रत्येक गावाला तो रस्ता जमेल असं नाही. भूमिहीन मजूर आणि भाडेकरू कामगार यांना त्यात जागा कुठे, हेही शोधायला हवं. स्टुडिओनं नेमकं तेच शोधावं.

पुण्यातल्या वास्तुकला महाविद्यालयांनी पुढाकार घेऊन एक सत्र इथे घ्यावं. नकाशे मराठीत काढावेत. शेवटची ज्युरी वातानुकूलित सभागृहात न घेता ग्रामपंचायतीच्या कार्यालयात घ्यावी आणि परीक्षकांत सरपंच, भाडेकरू कामगार आणि ऊसउत्पादक बाई असावी. आराखड्यात आयुष्य काढणाऱ्यांना तो आराखडा तपासायचा पहिला अधिकार आहे.